ध्रुवावरच्या बर्फात काय टिकतं आणि काय नाही

गेल्या अंकात नळाच्या पाण्यातल्या शिशावर लिहिताना ओघात एक वाक्य येऊन गेलं होतं, की रोमन काळातल्या भट्ट्यांमधून उडालेलं शिसं आजही ग्रीनलंडच्या बर्फात मोजता येतं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की मूळ विषय बाजूलाच पडला. घरातल्या जुन्या पाइपांबद्दल कुणाला काही विचारायचं नाही, ग्रीनलंडबद्दल मात्र सगळ्यांना! असो. मी नोकरी केली ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. ध्रुवावर कधी गेले नाही. पण तिकडचा बर्फ आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी, दोन्ही शेवटी आयन क्रोमॅटोग्राफ नावाच्या, पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या, एकाच जातीच्या यंत्रातून जातात. त्या बाजूने मला जे ठाऊक आहे ते सांगते.

प्रश्न: ताई, पाणी गोठताना क्षार बाहेर टाकतं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. मग बर्फात रसायनं टिकतात कशी? की मीच चुकीचं शिकवलं? (निवृत्त शिक्षक, कराड)

गुरुजी, तुम्ही बरोबरच शिकवलंत. बर्फाच्या स्फटिकाची जाळी मोठी सोवळी असते. हायड्रोक्लोरिक आम्ल, अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड अशा मोजक्यांना ती आत थोडीफार जागा देते, बाकी सगळ्यांना बाहेर ठेवते. पण ध्रुवावरचा हा बर्फ तळ्यातलं पाणी गोठून झालेला नाही. तिथे हिम पडतं, ते वितळत नाही, त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, आणि वरच्या भाराने खालचं दाबलं जाऊन शंभरेक मीटरपर्यंत त्याचा घट्ट बर्फ होतो. रसायनं त्या हिमाबरोबरच येतात. वाफेचा स्फटिक व्हायला धुळीचा एखादा कण आधाराला मिळतो, खाली येता येता तो हवेतलं आणखी काही गोळा करतो. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर तर वर्षाला जेमतेम अडीच सेंटिमीटर पाणी भरेल इतकंच हिम पडतं. तिथे बरंचसं मीठ आणि सल्फेट हिमाची वाट न बघता सुटंच येऊन पृष्ठभागावर बसतं.

आता स्फटिकाने बाहेर ठेवलं, तरी ते जाणार कुठे? वितळलेलं पाणी नाही, म्हणजे वाहून जायला वाहनच नाही. ते दोन कणांच्या मधल्या सांदीत बसून राहतं. जत्रेतला बर्फाचा गोळा आठवा: जोरात चोखला की रंगीत सरबत सगळं तोंडात येतं आणि हातात पांढरा फटक बर्फ उरतो. सरबत बर्फाच्या कणांत शिरलेलंच नसतं, ते मधल्या फटींत असतं. ध्रुवावर हा गोळा चोखणारं कुणी नाही, एवढाच फरक.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये अंटार्क्टिकाचा बर्फ गोठलेल्या अवस्थेतच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बर्फाचे तीन कण जिथे एकमेकांना भिडतात, तिथल्या केसाहून बारीक शिरांमध्ये त्यांना गंधकाम्ल सापडलं. गंमत अशी की गंधकाम्ल आणि पाणी यांचं मिश्रण शून्याखाली सत्तर अंशांच्याही पुढे गेल्याशिवाय पुरतं गोठत नाही. म्हणजे उणे पन्नास अंशांच्या बर्फातही आम्लाचा हा धागा द्रवरूपच असतो. पुढे जपानी संशोधकांनी लेसर टाकून पाहिलं, तेव्हा सल्फेटचे काही क्षार सूक्ष्म दाण्यांच्या रूपात खुद्द बर्फाच्या कणांच्या पोटातही अडकलेले दिसले. हिमाचे लहान लहान कण एकत्र होऊन मोठे होताना या दाण्यांना आत कोंडून घेतात. तेव्हा जाळी कितीही सोवळी असली तरी घरात थोडा पसारा राहतोच.

उलट बाजूचा पुरावा हवा असेल तर हिम वितळतं तिथे बघा. नॉर्वेत १९७० च्या दशकात असं आढळलं, की हिमाचा पहिला ३० टक्के भाग वितळतो तेव्हाच आतली ५० ते ८० टक्के रसायनं निघून जातात. वसंतात ओढ्यांना एकदम आंबट पाणी यायचं आणि मासे मरायचे, त्याचं कारण हे. म्हणूनच हिमालयातली वाटेल ती हिमनदी घेऊन अशी वाचता येत नाही. वर, जिथे वितळणं जवळजवळ नाहीच, तिथे जावं लागतं. अमेरिकी शास्त्रज्ञ लॉनी थॉम्प्सन यांच्या चमूने १९९७ मध्ये तिबेटमधल्या दासुओपू हिमनदीवर ७,२०० मीटर उंचीवर छिद्र पाडलं. तिथल्या बर्फात १७९० ते १७९६ या वर्षांच्या थरांत धूळ आणि क्लोराइड वाढलेलं मिळालं, म्हणजे मोसमी पावसाने दगा दिला होता. दख्खनमध्ये १७९१-९२ चा ‘कवट्यांचा दुष्काळ’ पडला तो याच काळात. हे ध्रुवाचं उदाहरण नव्हे, पण इतिहास शिकवत असाल तर तुमच्या उपयोगाचं आहे.

प्रश्न: रोमन काळातलं शिसं म्हणजे नक्की किती? आणि ते मोजताना प्रयोगशाळेतलं शिसं त्यात मिसळत नाही का? (औषध कंपनीतले क्वालिटी कंट्रोलवाले, अंबरनाथ)

तुमचा दुसरा प्रश्न खरा मुद्द्याचा आहे. जन्मभर क्यूसी केलेला माणूसच असं विचारणार.

आधी आकडे. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकाप्रमाणे लिटरमध्ये शिसं ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ग्रीनलंडच्या हिमात ते सर्वांत जास्त वाढलं होतं, तेव्हा, १९६० च्या दशकात, किलोला ०.२ मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं. पेट्रोलच्या धुराने मळलेलं ते हिमसुद्धा आपल्या मर्यादेपेक्षा पन्नास पटींनी स्वच्छ! आणि इसवी सनापूर्वी ८०० च्या सुमाराचा बर्फ घेतला, तर त्यात शिसं ०.००१ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. माझ्या काळातल्या यंत्रावर असा नमुना लावला असता तर सरळ रेघ आली असती, आणि मी ‘आढळले नाही’ असं लिहून सही केली असती.

हे मोजणारा माणूस होता क्लेअर पॅटरसन. पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं, हे १९५६ मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे शिशाच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, त्यानेच काढलं. ते करताना त्याच्या लक्षात आलं, की शिसं सगळीकडे आहे: हवेत, काचेच्या भांड्यांत, नळाच्या पाण्यात, माणसाच्या केसांत. उल्केतलं शिसं मोजायचं तर आधी स्वतःचं शिसं दूर ठेवायला हवं. मग त्याने खोलीपासून बाटलीपर्यंत सगळं आम्लाने धुवायचा सपाटा लावला. १९६५ मध्ये तीच शिस्त घेऊन त्याची माणसं ग्रीनलंडवर गेली. कॅम्प सेंच्युरी हा अमेरिकी लष्कराचा तळ बर्फाच्या आतच खोदलेला होता. तिथे प्लॅस्टिकचे हातमोजे आणि आम्लाने धुतलेली हत्यारं घेऊन बर्फाचे मोठाले ठोकळे कापले. मुरोझुमी आणि चाऊ या सहकाऱ्यांबरोबर १९६९ मध्ये त्याने निष्कर्ष छापले: शिसं दोनशे पटींहून जास्त वाढलं आहे, आणि त्यातली मोठी उडी १९४० नंतरची, म्हणजे पेट्रोलची. शिशाच्या धंद्यातल्या लोकांना हे अर्थातच आवडलं नाही.

पुढचं मला जास्त आवडतं. क्लोद बुत्रों आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की १९६० च्या दशकाअखेरपासून वीसेक वर्षांत ग्रीनलंडच्या हिमातलं शिसं सात-साडेसात पटींनी घटलं. अमेरिकेने पेट्रोलमधून शिसं काढायला सुरुवात केली, आणि तिकडे बर्फात आलेख खाली आला. कायद्याचा परिणाम इतका स्वच्छ दिसण्याची वेळ आमच्या धंद्यात फार थोडी येते. (आपल्याकडे देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं ते फेब्रुवारी २००० पासून.)

आता रोमन. १९९४ मध्ये याच गटाने इसवी सनापूर्वी ५०० ते इसवी सन ३०० या काळातला ग्रीनलंडचा बर्फ तपासला. शिसं नैसर्गिक पातळीच्या चौपट निघालं. चांदी काढायला शिशाचं खनिज उघड्यावर भाजत, त्याचा धूर हजारो किलोमीटर गेला. पुढे समस्थानिकांचं प्रमाण जुळवून त्यातला मोठा वाटा स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणींचा असल्याचंही सांगता आलं.

आणि मिसळीचं काय? बर्फाची लांबट कांडी, ज्याला सगळे कोअरच म्हणतात, ती काढताना बाहेरून मळतेच. ड्रिलचा धातू, करवत, पिशवी, माणसाचा हात, सगळं तिला लागतं. हल्ली यावर एक देखणा उपाय वापरतात. कोअरमधून साधारण तीन-साडेतीन सेंटिमीटर रुंदीची चौकोनी पट्टी कापतात आणि तापवलेल्या धातूच्या तबकडीवर उभी ठेवतात. तबकडीला आतल्या अंगाला एक उंचवटा असतो. तो बर्फाच्या बुडाला टेकला की वितळलेलं पाणी दोन भागांत वाटलं जातं. बाहेरच्या कडांचं पाणी एका नळीने निघून जातं, आणि मधल्या गाभ्याचं पाणी, ज्याला कशाचाच स्पर्श झालेला नाही, ते दुसऱ्या नळीने थेट यंत्रात चढतं. पट्टी आपल्याच वजनाने खाली सरकत राहते, पडद्यावर सोडियम, कॅल्शियम, अमोनियमच्या रेघा वर-खाली होत राहतात. मध्ये बाटली नाही, झाकण नाही, कुणाचं बोट नाही. आमच्याकडे सोडियमचा आकडा विनाकारण चढला की पहिला संशय बोटाच्या घामावर असायचा. तिकडे शिसं मोजणारे संशोधक तर या गाभ्याच्याही पुढे जाऊन थरामागून थर खरवडून तपासत: बाहेरून आत जाताना आकडा एका जागी स्थिर झाला तरच तो खरा धरायचा. पुढच्या ऑडिटला हे वाक्य तुमच्या साहेबांना वाचून दाखवा.

प्रश्न: ज्वालामुखीची खूण बर्फात मिळते म्हणतात. कोणता ज्वालामुखी हे कसं कळतं? (गृहिणी, रत्नागिरी)

खूण असते गंधकाम्लाची. मोठा उद्रेक सल्फर डायऑक्साइड वर स्थितांबरात फेकतो, त्याचं आम्ल होतं आणि वर्ष-दोन वर्षं ते खाली उतरत राहतं. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावरच्या स्वच्छ बर्फात सल्फेट लिटरला साधारण ०.१ मिलिग्रॅम असतं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात २०० चालतं. इतक्या कोऱ्या पार्श्वभूमीवर उद्रेकाचा थर लपूच शकत नाही. तो शोधायला बर्फ वितळवावाही लागत नाही. डेन्मार्कच्या क्लाउस हॅमर यांनी १९८० मध्ये दाखवलं, की कोअरवरून विद्युतदाब दिलेली दोन टोकं ओढत नेली की आम्लाच्या थरावर प्रवाह एकदम वाढतो.

पण सल्फेटवर नाव लिहिलेलं नसतं. पहिली चाळणी अशी: खूण दोन्ही ध्रुवांवर एकाच सुमारास असेल तर उद्रेक विषुववृत्ताच्या जवळपासचा. १८१५ चा तांबोरा दोन्हीकडे मिळतो. १७८३ चा आइसलंडमधला लाकी ग्रीनलंडवर ठसठशीत आहे, अंटार्क्टिकात नाही. दुसरी चाळणी काचेची. उद्रेकात उडालेले, धुळीहून बारीक काचेचे तुकडे त्याच थरात सापडले तर त्यांची घडण त्या त्या डोंगराच्या राखेशी ताडून बघता येते.

यातली सर्वांत सुरस गोष्ट १२५८-५९ च्या थराची. गेल्या दोन हजार वर्षांतल्या सर्वांत मोठ्या सल्फेट खुणांपैकी ही एक, दोन्ही ध्रुवांवर हजर, आणि डोंगराचा मात्र पत्ता नाही. कित्येक दशकं हा गुन्हा तपासावर होता. शेवटी २०१३ मध्ये फ्रँक लाविन्य यांच्या गटाने इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरचा समालास पकडला, उद्रेक १२५७ चा. पुरावा राखेत गाडल्या गेलेल्या झाडांच्या कोळशाचा होता, आणि ताडपत्रावरच्या जुन्या जावानीज पोथ्यांचाही. ‘बाबाद लोंबोक’ या पोथीत समालास कोसळला आणि पामातान नावाची नगरी बुडाली, असं लिहूनच ठेवलं होतं. रसायनशास्त्रज्ञांनी पोथ्या वाचायच्या नाहीत असा काही नियम नाही, पण वाचत नाहीत खरं.

१८३१ च्या खुणेचा मालकही अलीकडे, २०२४ मध्ये, त्या काचेच्या तुकड्यांवरूनच सापडला: कुरील बेटांतल्या सिमुशिरवरचा झावारित्स्की. १८०९ चा मात्र अजून फरार आहे.

प्रश्न: सौरवादळांची नोंद बर्फातल्या नायट्रेटमध्ये असते असं आमच्या खगोल मंडळाच्या व्याख्यानात ऐकलं. १८५९ चं कॅरिंग्टन वादळ तिथे दिसतं, हे खरं का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

नाही. वक्त्यांचा दोष नाही. हे बरीच वर्षं छापून येत होतं. कल्पना अशी, की सूर्याकडून आलेले वेगवान कण वातावरणात नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करतात, त्यांचं नायट्रेट होऊन बर्फात उतरतं. ग्रीनलंडच्या एका कोअरमध्ये १८५९ च्या सुमारास नायट्रेटचा सुळका होताही. पण २०१२ मध्ये एरिक वुल्फ आणि सहकाऱ्यांनी दोन्ही ध्रुवांच्या चौदा बारकाईच्या नोंदी शेजारी ठेवल्या. बहुतेकांत १८५९ ला काहीच नाही. ग्रीनलंडवर असे सुळके मिळतात, पण त्यांच्यासोबत अमोनियम, फॉर्मेट आणि काजळीही असते. हे तर जंगलातल्या वणव्याचं त्रिकूट! सूर्याचा पुरावा म्हणून कॅनडाकडच्या आगींचा धूर नाचवला जात होता, असं म्हटलं तरी चालेल.

मुळात नायट्रेट हा साक्षीदार विश्वासाचा नाही. पूर्व अंटार्क्टिकात डोम सी इथे उन्हाळ्यात हिमाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात नायट्रेट शेकडो पीपीबी (अब्ज भागांत इतके भाग) असतं. मीटरभर खाली जा, वीसही उरत नाही. ऊन थेट हिमात शिरतं, त्यातले अतिनील किरण नायट्रेट फोडतात आणि वायू होऊन ते परत हवेत जातं. जिथे हिम भराभर पडतं तिथे ते लवकर गाडलं जाऊन वाचतं, जिथे पडतच नाही तिथे वर्षानुवर्षं उन्हात पडून उडून जातं. तेव्हा नायट्रेट कमी दिसलं तर हवेत ते कमी होतं की हिम कमी पडलं, हे आधी सोडवायला लागतं.

असे हातावर तुरी देणारे आणखीही आहेत. समुद्रातल्या सूक्ष्म शैवालापासून येणारं मिथेनसल्फोनिक आम्ल उन्हाळ्यात तयार होतं, उन्हाळ्याच्याच थरात पडतं, पण काही मीटर खाली गेल्यावर सरकत सरकत हिवाळ्याच्या थरात जाऊन बसतं. ग्रीनलंडच्या बर्फातल्या बुडबुड्यांत कार्बन डायऑक्साइड मोजावा, तर तिथल्या धुळीत चुन्याचा अंश, बर्फात आम्ल. दोघं भेटले की आत नवाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणून त्या वायूचे जे आठ लाख वर्षांचे आलेख तुम्ही पाहता ते अंटार्क्टिकाचे असतात, जिथे धूळ फारच कमी. ‘बर्फात सगळं जसंच्या तसं जपलं जातं’ हे वाक्य कुणी लिहिलं, की माझा हात लाल पेनाकडे जातो.

सूर्यासाठी बघायचं ते बेरिलियम-१०, म्हणजे बेरिलियम धातूचं किरणोत्सारी रूप. ते हवेत वैश्विक किरणांमुळे आणि सूर्याकडून आलेल्या वेगवान कणांमुळेच तयार होतं, आणि एकदा गाडलं गेलं की पळत नाही. इसवी सन ७७४-७५ मध्ये एक प्रचंड घटना घडली. फुसा मियाके यांनी २०१२ मध्ये ती जपानी देवदाराच्या वर्षवलयांत कार्बन-१४ वरून पकडली, आणि २०१५ मध्ये दोन्ही ध्रुवांच्या बर्फातल्या बेरिलियम-१० ने तिला दुजोरा दिला. पुढच्या व्याख्यानाला हे विचारा.

प्रश्न: आजी, तीन किलोमीटर खोल भोक पाडल्यावर ते बुजत कसं नाही? (इयत्ता आठवी, मालवण)

बुजतंच, बाळा! खोलवर बर्फ दाबाने वाहतो आणि भोक आवळत आणतो. म्हणून त्यात बर्फाइतक्याच घनतेचा, थंडीत न गोठणारा द्रव भरून ठेवतात. पूर्वी रॉकेलसारखं तेल असायचं, त्यात जड करायला दुसरी रसायनं. त्याचा वास आणि त्रास फार. मग डेन्मार्कच्या लोकांनी ग्रीनलंडवर जो द्रव वापरला, तो खोबरेल तेलापासून बनवलेला होता. तुमच्या मालवणच्या माडांचा नसेल, पण जात तीच.

प्रश्न: माझी मुलगी एम.एस्सी. रसायनशास्त्र करते आहे. असं काम भारतात कुठे चालतं? (पालक, सांगली)

गोव्यात, वास्को द गामाला. हेडलँड सडा इथे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहूनच निघाली होती. आज मैत्री आणि भारती ही दोन स्थानकं तिकडे चालू आहेत. मैत्रीच्या दक्षिणेकडच्या हिमपठारावरून आणलेल्या कोअर गोव्यात उणे वीस अंशांच्या खोलीत ठेवतात, तिथेच कापतात, आणि त्यांतल्या सल्फेट-नायट्रेटवर तिथल्या गटाचे शोधनिबंध आहेत. बाहेर पंख्याखाली घाम, आत गेलं की कानटोपी.

मुलीला सांगा, आयन क्रोमॅटोग्राफ आणि धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारं आयसीपी-एमएस या दोन यंत्रांवर मिळेल तिथे हात बसवून घे. आणि ब्लँक लावायचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नकोस म्हणावं, कारण निम्मं आयुष्य शुद्ध पाण्याचेच नमुने तपासण्यात जातं.